एका खोलीपुरती मर्यादा

सोमवार, ४ मार्च

आज जेवणाच्या टेबलावर कुणी बोललं नाही आणि या वेळी कारण मी नव्हते.

सूनबाई ताटातला भात चिवडत बसली होती. चिरंजीव तिच्याकडे बघत होते, मी चिरंजीवांकडे आणि नवरोबा नेहमीप्रमाणे शब्दकोड्याकडे. शेवटी मीच विचारलं, "कुणी गेलं का?"

"मशीन गेलं, आई," चिरंजीव म्हणाले.

हळूहळू एकेक गोष्ट काढून घेतली. सूनबाईची कंपनी मोठाले कॉम्प्युटर भाड्याने देते. एकाच मशीनवर अनेक गिऱ्हाइकांची कामं चालतात. शुक्रवारी एका गिऱ्हाइकाच्या प्रोग्रामने सगळी मेमरी गिळली आणि मशीन आडवं झालं. बाकीच्यांची कामं अर्धा दिवस ठप्प. त्यात एक दवाखाना होता. सूनबाईच्या साहेबांनी जाहीर करून टाकलं की चूक तिची. अठ्ठावीस तारखेला चौकशी आहे आणि तोवर तिने या प्रकाराबद्दल बाहेर कुणाशी अवाक्षर काढायचं नाही.

"गिऱ्हाइकांना मर्यादा लावली नव्हतीस का?" मी विचारलं.

"लावली होती, आई."

"मग?"

"लागली नाही."

"लागली नाही म्हणजे? दाराला कडी लावली की लागते."

"माहितीपुस्तकाचं पान वाचूनच लावली होती. पानात लिहिलंय की ती सगळ्या मशीनला लागते." एवढं बोलून ती उठली आणि ताट तसंच टाकून खोलीत गेली. ताट आपण उचलायचं हा या घराचा नियम आहे. आज मी काही बोलले नाही, त्याची कुणी दखलही घेतली नाही.

मी तीस वर्षं यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिली. पाण्याचे पंप, लिफ्ट, शेवटी शेवटी दवाखान्यातली यंत्रं. वाचणाऱ्याने पान वाचून तसंच केलं आणि तरी यंत्र बिघडलं, तर दोष वाचणाऱ्याचा नसतो. हे त्या साहेबांना कुणी शिकवलेलं दिसत नाही.

बुधवार, ६ मार्च

ते पान मागवून घेतलं. सूनबाई म्हणाली, "तुम्हाला कशाला त्रास, आई?" तिच्या भाषेत याचा अर्थ 'तुम्ही यात पडू नका'. मी पडले.

पान वाचून डोकं उठलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टरांनी एकच शिकवलं होतं: वाक्य लिहिलं की बोट ठेवून विचारा, कोण, काय, कुठे. या पानात 'कोण' सापडत नाही आणि 'कुठे' तर लिहिणाऱ्याच्या मनातही आलेलं नाही.

सूनबाईकडून समजून घेतलं ते असं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी, कुणाला किती जागा द्यायची ते तो ठरवतो. शेअर्ड मेमरी म्हणजे दोन-चार प्रोग्रामांनी मिळून वापरायची जागा, जसं आमचं जेवणाचं टेबल. एक ठेवतो, दुसरा उचलतो. आणि ठेवणारा प्रोग्राम निघून गेला तरी वस्तू तिथेच राहते, कुणीतरी मुद्दाम उचलेपर्यंत. हे ऐकल्यावर मी चिरंजीवांच्या मोज्यांचा विषय काढला.

"आणि हे नेमस्पेस काय प्रकरण आहे?"

"खोल्या समजा, आई. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खोली. आतल्याला वाटतं, सगळं घर आपलंच आहे. शेजारच्या खोलीत काय चाललंय ते त्याला दिसत नाही."

"सुखी आहे."

सूनबाईने पान माझ्यापुढे सरकवलं.

तर पानातलं वाक्य असं आहे की ही मर्यादा म्हणजे सबंध सिस्टिममध्ये मिळून वापरता येणाऱ्या शेअर्ड मेमरीची मर्यादा. वाचणारा काय समजेल? एकदा लावली की सगळ्या खोल्यांना मिळून लागली. सूनबाई तेच समजली. मीही तेच समजले. चूक असेल तर आम्हा दोघींची एकदमच चूक आहे, आणि आमचं दोघींचं एका गोष्टीवर एकमत होणं हाच मुळात मोठा पुरावा आहे.

शनिवार, ९ मार्च

भयंकर.

सूनबाईकडे लॅपटॉपची वायर मागायला तिच्या खोलीत गेले, तर कोपऱ्यातल्या स्टुलावर विजेची किटली! शेजारी बिस्किटांचा डबा, चहाची पाकिटं आणि तीन कप.

या घरात चहा दोनदा होतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा. तिसरा नाही, कारण नवरोबांना झोप येत नाही. हा नियम चिरंजीव शाळेत होते तेव्हापासून चालत आलाय, तो सगळ्या घराला आहे आणि आजवर कुणी मोडलेला नाही, असं मी समजत होते.

"तीन कप कशाला?" मी विचारलं.

सूनबाईने चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी छताकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून नवरोबा आत आले, मला पाहिलं आणि "चष्मा राहिला वाटतं इथे," असं म्हणून परत फिरले. चष्मा डोळ्यावर होता.

म्हणजे हे रोज संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणतात ते पाय या खोलीपर्यंतच मोकळे होतात!

रविवार, १० मार्च

रागावून बसायचं ठरवलं होतं, पण कामाला उशीर नको. जेवणाचं टेबल पुसून चिरंजीवांचा जुना लॅपटॉप मांडला आणि सूनबाईला म्हटलं, "दाखव मला. कुठे लागते आणि कुठे लागत नाही."

तिने आधी बाहेर, म्हणजे मूळ घरात, एक छोटी मर्यादा लावली. मी विचारायला सांगितलं, कॉम्प्युटरने तोच आकडा सांगितला. मग एका आज्ञेने तिने नवी खोली उघडली, आत गेली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

वीस आकडी संख्या! पडद्याच्या या टोकापासून सुरू झाली ती संपेचना.

"हे काय?"

"मर्यादा."

"याला मर्यादा म्हणतात? आणि तू बाहेर लावलेली?"

"बाहेरच राहिली." ती त्या आकड्याकडे बघत होती. "नवी खोली उघडली की कर्नल तिला घरचे आकडे देत नाही. तिचे मूळचे ठरलेले आकडे असतात, तिथून ती सुरू होते. मी गिऱ्हाइकांच्या खोल्यांमध्ये आत जाऊन कधी बघितलंच नाही. तपासायला हवं होतं, आई."

"तपासायचं काम तुझं, पण खरं लिहायचं काम त्यांचं. आधी त्यांनी चूक केली, मग तू."

मग आम्ही उलटं करून बघितलं. आत जाऊन मर्यादा एकावर आणली आणि बाहेर येऊन विचारलं. बाहेरची जशीच्या तशी. म्हणजे उत्तर काय येईल ते तुम्ही कुठे उभं राहून विचारता त्यावर. असला लबाड कारभारी मी पाहिला नाही. मी तसं म्हटल्यावर सूनबाई हसली. शुक्रवारच्या त्या गोंधळानंतर पहिल्यांदाच हसली. हसली की बरी दिसते.

नवरोबा म्हणाले, "चहा टाकू का?" मी म्हटलं, "कुठे टाकणार? किटलीत?" ते शब्दकोड्यात शिरले.

दुरुस्ती मी पाठवायची असं ठरलं. सूनबाईला बोलायची बंदी आहे, मला नाही. मला बंदी घालणारा साहेब अजून जन्माला यायचाय.

मंगळवार, १२ मार्च

ही पानं जगभरची माणसं मिळून सांभाळतात. फुकट. फुकट काम करणाऱ्यांना दुसऱ्यांचा वेळ फुकट वाटतो असा माझा अनुभव आहे.

छान पत्र लिहिलं. नमस्कार, विषय, चूक काय, दुरुस्ती काय, आपली विश्वासू. क्षणात परत आलं. माणसाने वाचलंसुद्धा नाही, यंत्रानेच परत पाठवलं. कारण: पत्रात ठळक अक्षरं आहेत. इथे फक्त साधा मजकूर चालतो. मी 'चूक' हा शब्द तेवढा ठळक केला होता.

साधा मजकूर करून पुन्हा पाठवलं. या वेळी कुणा सज्जनाचं उत्तर: दुरुस्ती 'पॅच' म्हणून पाठवा. सूनबाईने शिकवलं. जुन्या ओळीपुढे वजा, नव्या ओळीपुढे अधिक. ही पद्धत मात्र मला आवडली, सिस्टरांच्या लाल पेनापेक्षा सभ्य आहे.

शुक्रवार, १५ मार्च

पॅच फायलीत जोडून पाठवला. चालत नाही, पत्राच्या पोटात घाला. पोटात घातला. ओळी लांब झाल्या. ओळी तोडल्या. आता म्हणे, खाली 'हे काम माझं स्वतःचं आहे' अशी सही हवी, ठरलेल्या शब्दांत. सही घातली.

यांनी पान लिहिताना याच्या निम्मी काळजी घेतली असती, तर माझ्या सुनेवर ही वेळ आली नसती!

दुपारी सूनबाई आंघोळीला गेलेली असताना तिचा फोन वाजला. घरात वाजणारा फोन उचलायचा असा नियम आहे. कुणी बाई होती, दुसऱ्या कुठल्या गावची. "दोन खोल्या आणि बाल्कनी असलेलं घर आहे, दाखवू का?" मी म्हटलं, "बाई, तुमचा नंबर चुकला. इथे कुणाला घर नकोय, आमचं स्वतःचं घर आहे." ती काहीतरी सांगायला लागली, पण मी ठेवून दिला. हल्ली कुणीही उठतं आणि फोन करतं.

सूनबाईला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. चौकशीचा ताण. मी म्हटलं, "एवढी घाबरतेस कशाला? अगदी वाईटात वाईट, नोकरी जाईल. घर आहे, आम्ही आहोत. आयुष्यभर इथे राहिलीस तरी कुणी काही म्हणणार नाही."

त्यावर ती उठून आत गेली. या पिढीला धीर देणं कठीण आहे.

रविवार, १७ मार्च

एकदाचं मुख्य माणसाचं उत्तर आलं. पान मंजूर करणारा हाच, याला मेंटेनर म्हणतात. फोटोत छातीपर्यंत दाढी आहे, म्हणून मी त्याला 'दाढी' म्हणते. उत्तर तीन ओळींचं.

इतकी वर्षं हे वाक्य आहे, कुणी तक्रार केलेली नाही. मेमरी आवरायला ही मर्यादा हल्ली कुणी वापरत नाही, त्यासाठी दुसरी सोय आहे. तरी पुरावा असेल तर पाठवा.

'कुणी तक्रार केलेली नाही'! मी लिफ्टच्या कंपनीत असताना हेच वाक्य ऐकलं होतं, एक माणूस अडकून पडल्यावर.

उत्तर लिहायला बसले. सूनबाई खांद्यावरून वाचत होती.

"आई, हे 'डोळे उघडे ठेवून' काढा."

"का? त्याने उघडे ठेवले असते तर..."

"आणि हे 'फुकट्या' पण काढा."

"ते कौतुकाने लिहिलंय."

"तरी काढा."

मग 'लाज' काढली, 'शाळकरी पोरालाही' काढलं. पत्र अर्ध्यावर आलं. राहिला तो नुसता आमचा टेबलावरचा प्रयोग: बाहेर हा आकडा, आत तो आकडा, तुम्ही स्वतः करून बघा. वाचून पाहिलं तर आधीपेक्षा जोरकस झालं होतं, याचा मला फार राग आला.

सोमवार, १८ मार्च

चिरंजीव टेप घेऊन दिवाणखान्यातलं पुस्तकांचं कपाट मोजत होते. विचारलं तर म्हणाले, "सहज." नोकरी जायची पाळी बायकोवर आली असताना माणूस सहज कपाटं मोजतो?

नवरोबांना म्हटलं, "तुमच्या मुलाचं डोकं ठिकाणावर नाही." ते म्हणाले, "अगं, तिच्यासाठी ही नुसती नोकरी नाही. त्यात बरंच काही..." मी म्हटलं, "मला माहितीय, नाव खराब होतं. तेच वाचवतेय ना मी?" ते म्हणाले, "हो. तेच." आणि गेले पाय मोकळे करायला. त्यांच्या बोलण्याला शेवट कधीच नसतो.

गुरुवार, २१ मार्च

दाढीने प्रयोग करून बघितला म्हणतो. आकडे जुळले. पहिलं वाक्य मान्य: ही मर्यादा प्रत्येक नेमस्पेसला वेगळी लागते. पण दुसरं वाक्य तो काढून टाकतोय. ते असं: नवी नेमस्पेस बाहेरच्या मर्यादा सोबत आणत नाही, ती मूळच्या ठरलेल्या आकड्यांपासून सुरू होते. दाढीचं म्हणणं, हे उघडच आहे, वेगळी म्हटली की वेगळी.

उघड आहे? कुणाला? वेगळी असली तरी घरचं वळण घेऊन जाईल असंच कुणालाही वाटणार. मला वाटलं, सूनबाईला वाटलं. सगळा घात त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

सूनबाई म्हणाली, "आई, राहू द्या. पहिल्या वाक्याने माझं काम होतंय. साहेबांना एवढं दाखवलं तरी पुरे. वेळ कमी आहे."

"तुझं काम होईल. पुढच्या मुलीचं काय, जी हे पान वाचून रात्रीची निर्धास्त झोपेल?"

"त्याने चिडून दोन्ही टाकून दिली तर?"

तिची सगळी भिस्त या एका ओळीवर, आणि मी ती दुसरीसाठी पणाला लावतेय. हट्टीपणा आहे का हा? असेल. नवरोबा तर म्हणतात की माझ्यात दुसरं काही नाहीच.

दुपारभर विचार केला. अर्धं खरं लिहून पाठवलेलं माहितीपुस्तक मी एकदाही सही करून सोडलेलं नाही. शेवटी सूनबाईच्या खोलीचं दार वाजवलं. (सहसा वाजवत नाही.) म्हटलं, "तू नको म्हणालीस तर नाही पाठवत."

ती किटलीकडे बघत म्हणाली, "पाठवा. पण मी वाचल्याशिवाय नाही."

शनिवार, २३ मार्च

पाठवलेलं उत्तर असं होतं. सूनबाईने त्यातला फक्त एक शब्द काढला.

'मी लिफ्टची माहितीपुस्तकं लिहिली आहेत. आठ माणसांची पाटी आम्ही प्रत्येक लिफ्टच्या आत लावतो. तुमची पाटी इमारतीच्या दारावर आहे. तुमच्या पहिल्या वाक्याने ती दारावरून निघेल, पण नव्या लिफ्टमध्ये कुठली पाटी असते हे कुणाला कळणार नाही. तिथे मुळात वीस आकडी माणसांची पाटी लावलेली आहे. हे उघड आहे असं तुम्हाला वाटतं, कारण ती लिफ्ट तुम्ही बांधलीत. आम्ही फक्त तिच्यात चढतो.'

उत्तर नाही. शनिवारी सुट्टी घेत असावा. फुकट काम करतो आणि सुट्टीही घेतो.

माळ्यावरून रिकामी खोकी खाली आलीत. चिरंजीव म्हणाले, "साफसफाई." चला, एवढं तरी वळण लागलं.

सूनबाईने आज मला विचारलं, टोमॅटोच्या सुपात मी काय घालते, भाताला पाणी किती. आपण होऊन विचारलं! पाच वर्षांत पहिल्यांदा. मी सगळं सांगितलं, तिने फोनमध्ये टिपून घेतलं. म्हटलं, "टिपायचं कशाला? मी आहेच की इथे." ती म्हणाली, "असू दे, आई."

मंगळवार, २६ मार्च

उत्तर आलं! 'मुद्दा पटला. दोन्ही वाक्यं घेतली. धन्यवाद.' एवढंच. पानाच्या इतिहासात माझं नाव लागलंय, वजा आणि अधिकच्या ओळींसकट.

मी सूनबाईला हाक मारली. ती टॉवेल गुंडाळलेल्या ओल्या केसांनी धावत आली, वाचलं आणि मला मिठी मारली. माझा खांदा भिजला. आमच्यात मिठ्या मारायची पद्धत नाही. हात कुठे ठेवायचे ते मला पटकन सुचलं नाही.

गुरुवार, २८ मार्च

चौकशी झाली. साहेबांनी नेहमीचं पालुपद लावलं की सारं जग हे पान वाचतं, मग अडचण तुम्हालाच कशी आली. सूनबाईने मंगळवारची दुरुस्ती समोर ठेवली. जुनी ओळ, नवी ओळ, मेंटेनरचं उत्तर. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोष नाही असं लेखी ठरलं. यापुढे प्रत्येक खोलीत आत शिरून मर्यादा तपासायची असंही ठरलं, ते तिनेच सुचवलं.

इतकं सगळं चिरंजीव टेबलावर उत्साहाने सांगत होते. आणि त्याच दमात म्हणाले, "म्हणजे नव्या केंद्राचं कामही तिच्याकडेच राहिलं!"

"कसलं नवं केंद्र?"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाठ करून पाणी प्यायला घेतलं. नवरोबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी ती खाली ठेवली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सूनबाई म्हणाली, "कंपनी दुसऱ्या गावी केंद्र काढतेय, आई. ते उभं करायला मला निवडलं होतं. चौकशीत मी दोषी ठरले असते तर ते गेलं असतं. पुढच्या महिन्यात आम्हा दोघांना तिकडे जायचंय. राहायलाच."

बाल्कनीवाली बाई. कपाट. खोकी. सूप.

"यांना माहीत होतं?" मी नवरोबांकडे बोट केलं.

"मी दोनदा सांगायला लागलो होतो," ते म्हणाले. "तू वाक्य पुरं करू देत नाहीस."

"आणि तू?" मी सूनबाईला विचारलं. "तू का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तेवढ्यात मशीन पडलं. मग तुम्ही इतक्या हिरिरीने कामाला लागलात." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "सांगितलं तर थांबाल असं वाटलं."

"थांबले असते असं वाटलं तुला?"

"माहीत नाही, आई."

मी माझं ताट उचललं, घासून ठेवलं आणि इथे येऊन बसले. महिनाभर भांडून ज्या दाराची कडी मी काढली, ते दार कुठे उघडतं हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

थांबले असते का? मलाही माहीत नाही. हे फक्त इथे लिहितेय.

सोमवार, १ एप्रिल

कुणाशी बोलले नाही. टोमॅटोचं सूप केलं. सगळ्यांनी दोनदा घेतलं. निर्लज्ज.

रविवार, १४ एप्रिल

सामान बांधायला मदत केली. या दोघांना कप गुंडाळता येत नाहीत.

दुपारी बसून सूनबाईसाठी एक पान लिहायला घेतलं. नव्या घरी स्वयंपाकघर कसं लावायचं, कुठलं कापड कशाला, चहा किती वेळा, फोन कुणी उचलायचा. सुबक अक्षरात, मुद्दे पाडून. निम्मं झालं आणि हात थांबला. त्या दाढीशी कशावरून भांडले ते आठवलं. कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. भाताच्या पाण्याचं तेवढं आधीच सांगून झालंय.

सूनबाई दारात उभी होती. टोपलीत तुकडे तिला दिसले की नाही कोण जाणे. म्हणाली, "आई, तिकडचं काम सुरू झालं की मला एक माहितीपुस्तक लिहावं लागेल. नव्या माणसांसाठी. तुम्ही वाचाल का?"

"वाचेन. पण मी सांगेन ते सगळं तुला काढता येणार नाही."

"निम्मं काढेन," ती म्हणाली.

शनिवार, २० एप्रिल

गेले. गाडी वळेपर्यंत ती मागे बघून हात हलवत होती. चिरंजीव पुढे बघत होते. ड्रायव्हरला रस्ता सांगायची त्यांची जुनी खोड आहे.

त्यांच्या खोलीत झाडू घेऊन शिरले. पलंग गेला, कपाट गेलं. खिडकीखाली एकच मोजा. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर किटली, शेजारी बिस्किटांचा डबा आणि दोन कप. आवराआवरीत राहिलेली वस्तू अशी नसते. तिची वायर नीट गुंडाळून ठेवलेली होती.

मागून नवरोबा आले. मला पाहून परत फिरायला लागले.

"कुठे निघालात?" मी म्हटलं. "पाय मोकळे करायला?"

"नाही, म्हटलं चष्मा..."

"बसा."

बसायला काहीच नव्हतं. जमिनीवर बसलो, भिंतीला टेकून. या वयात खाली बसणं सोपं असतं, उठायचं नंतर बघू. पाणी उकळायला लागलं तसा त्या रिकाम्या खोलीत केवढा तरी आवाज झाला.

"आजचा हा तिसरा," नवरोबा कपाकडे बघून म्हणाले.

"स्वयंपाकघरात दोनच," मी म्हटलं. "ही खोली वेगळी आहे."

त्यांनी बिस्कीट बुडवलं. अर्धं कपात पडलं. मी डबा पुढे सरकवला.

खोली झाडून घेतली. मोजा धुवायला टाकला, पोस्टाने पाठवीन. किटली पुसली आणि होती तिथेच ठेवली.